झालंच समजा

हिथ्रोवर उतरून मोबाइल चालू केला, तर सगळ्यात आधी आमच्या मिस्त्रींचा आवाज आला. "मॅडम, आलोच." व्हॉट्सअ‍ॅपवरचा तो निरोप आदल्या दिवशी सकाळी साडेनऊचा होता. पुण्यात आमच्या न्हाणीघराच्या फरश्या उखडून तीन आठवडे झाले होते, खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छतावर ऑस्ट्रेलियाच्या आकाराची ओल उमटली होती, आणि मी मात्र अकरा मुलामुलींना घेऊन बांधकाम कायदा शिकायला लंडनला येऊन पोहोचले होते.

"आलोच" हे मराठी भाषेचं एक लेणं आहे. रूप भूतकाळाचं, अर्थ भविष्याचा. निघालोच, पोहोचलोच, झालंच. या दोन काळांच्या मध्ये जी मोकळी जागा उरते, तिच्यात मिस्त्री, सुतार, रंगारी आणि प्लंबर पिढ्यान्‌पिढ्या सुखाने नांदत आले आहेत. इंग्रजीत अशी सोय नाही, असा माझा समज होता. पण नेमक्या त्याच जागेवर इंग्रजांनी एक अख्खं न्यायालय उभं केलंय आणि कितीतरी वकिलांची घरं त्यावर चालतात, हे मला पुढच्या आठ दिवसांत कळलं.

मी पुण्यातल्या एका विधी महाविद्यालयात करार कायदा शिकवते. या दौऱ्याचं घरी सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "बांधकामाचा कायदा शिकायला लंडन कशाला? आपल्या गल्लीत चार इमारती पुनर्विकासाला गेल्यात, त्यातल्या दोन अडकल्यात. तिथेच जाऊन बसा की. डबा मी देते." याला माझ्याकडे चोख उत्तर नव्हतं. आजही नाही. एवढंच सांगितलं की तिकडे बांधकामाच्या भांडणांना स्वतंत्र कोर्ट आहे. त्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे तिकडेही मिस्त्री असेच."

त्या बरोबर बोलत होत्या. १८७३ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये 'ऑफिशियल रेफरी' नावाची जमात निर्माण झाली. ज्या दाव्यांत कागदांच्या चळती चाळायच्या, हिशेब तपासायचे किंवा जागेवर जाऊन पाहणी करायची, ते दावे या रेफरींकडे जात. साहजिकच कुठल्या खोलीचं प्लास्टर सुटलं आणि कुठल्या खिडकीतून पाणी आलं, ही सगळी रड त्यांच्याच पदरात पडली. सव्वाशे वर्षं हे असं चाललं. १९९८ मध्ये या कोर्टाचं नाव बदलून 'टेक्नॉलॉजी अँड कन्स्ट्रक्शन कोर्ट' असं भारदस्त नाव ठेवलं. पाणी अजून त्याच खिडकीतून येतं.

हिथ्रोहून शहरात जायला आम्ही एलिझाबेथ लाइन पकडली. स्वच्छ, थंडगार, इतकी गुळगुळीत की चहाचा कप हलू नये. मुलं भारावली. मी त्यांना म्हटलं, ही गाडी आपल्या अभ्यासक्रमातच आहे. डिसेंबर २०१८ मध्ये सुरू व्हायची ती मे २०२२ मध्ये सुरू झाली. एकदम त्यांचा संकोच गेला. सांगलीचा मुलगा पाय लांब करून बसला आणि म्हणाला, "मॅम, आपलीच माणसं आहेत."

पहिली भेट शहराच्या मध्यभागी असलेल्या एका मोठ्या लॉ फर्मची होती. काचेचं गोल फिरणारं दार, स्वागतकक्षात पुष्परचना, गळ्यात अडकवायला नावाचा बिल्ला. बिल्ल्यावर अकराही जणांची आडनावं बरोबर छापली होती, यानेच आमची मनं जिंकली. आमच्याकडे विजेच्या बिलावरसुद्धा माझं आडनाव गेली बारा वर्षं चुकीचं येतं. सातव्या मजल्यावरच्या खोलीत बसलो. खिडकीतून सात क्रेन दिसत होत्या. आमच्याशी बोलायला आलेल्या बाईंनी त्या क्रेनांकडे शेतकरी उभ्या पिकाकडे बघतो तसं बघितलं आणि मग फळ्यावर एकच प्रश्न लिहिला. काम पूर्ण झालं म्हणजे काय?

मी मनात म्हटलं, बाई, हाच प्रश्न मी तीन आठवडे विचारतेय.

मुलांनी उत्तरं द्यायला सुरुवात केली. एकाने पुस्तकी थाटात भोगवटा प्रमाणपत्राचं नाव घेतलं. एक मुलगी म्हणाली, बिल्डर फोन उचलायचा बंद झाला की समजावं. सोलापूरची मुलगी जरा विचार करून म्हणाली, "आमच्याकडे वास्तुशांत झाली की घर पूर्ण. मग गच्चीला कठडा नसला तरी चालतो." वास्तुशांत म्हणजे काय हे बाईंना सांगण्यात पाच मिनिटं गेली. त्यांनी ते सगळं वहीत लिहून घेतलं. देवाला नैवेद्य, मिस्त्रींना टॉवेल-टोपी, आणि त्यानंतर कंत्राटदाराची जबाबदारी नेमकी कुठल्या क्षणी संपते, असं त्यांनी विचारलं. टोपी घातली की, असं मी सांगून टाकलं.

तिकडे या क्षणाला 'प्रॅक्टिकल कम्प्लीशन' म्हणतात. मराठीत सांगायचं तर 'झालंच समजा'. एकदा का हा दाखला मिळाला की घरमालक ताबा घेतो, उशिराचा दंड थांबतो, आणि कामाच्या बिलातून मागे ठेवलेली रक्कम, बहुधा तीन किंवा पाच टक्के, तिच्यातली निम्मी कंत्राटदाराला परत मिळते. उरलेली निम्मी दोष दुरुस्त करून झाल्यावर. म्हणजे एका 'झालं' या शब्दावर कोट्यवधी पौंड लटकलेले असतात, आणि कायद्याने त्याची चोख व्याख्या कुठेही करून ठेवलेली नाही.

बाईंनी प्लिमथच्या एका इमारतीची गोष्ट सांगितली. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाची. खोल्यांचं माप ठरल्यापेक्षा तीन टक्क्यांहून जास्त कमी भरता कामा नये, असं करारात होतं. बांधून झाल्यावर मोजलं, तर छप्पन्न खोल्या त्याहून लहान निघाल्या. आता भिंत काही पुढेमागे सरकवता येत नाही. मग काम पूर्ण झालं की नाही? प्रकरण २०१९ मध्ये अपील न्यायालयापर्यंत गेलं. न्यायमूर्तींनी सांगितलं की खोली लहान झाली हा करारभंग खरा, पण तेवढ्यावरून तो गंभीर ठरत नाही. दोष क्षुल्लक असेल तर काम पूर्ण धरता येतं, मग तो दोष दुरुस्त होण्यासारखा असो वा नसो. आणि पूर्णत्वाची व्याख्या करण्यापेक्षा ते समोर आलं की ओळखणं सोपं, अशा अर्थाचंही काहीतरी ते म्हणाले. हे वाक्य मला फार आवडलं. आमचे मिस्त्री शब्द न शब्द असंच बोलतात, फक्त त्यांच्यापुढे कोणी लघुलेखक बसलेला नसतो.

मुलांना मात्र कायद्यापेक्षा खोलीतच रस. "तीन टक्के म्हणजे किती मॅम? आमच्या होस्टेलच्या खोलीत कपाट उघडायचं तर एकाला बाहेर जावं लागतं." त्यांच्या मते प्लिमथच्या पोरांचे लाड चालले होते.

जेवणाच्या सुट्टीनंतर त्याच बाईंचा आवाज बदलला. ग्रेनफेल टॉवरविषयी बोलायचं होतं. जून २०१७ ची आग, ७२ माणसं गेली. त्यानंतर २०२२ चा इमारत सुरक्षा कायदा आला आणि राहण्यालायक नसलेल्या जुन्या घरांबद्दल दावा करायची मुदत मागे थेट तीस वर्षांपर्यंत वाढवली गेली. तीस वर्षांपूर्वी 'झालं' म्हणून निघून गेलेल्या माणसाला पुन्हा बोलावता येतं. आमच्यातली कल्याणची मुलगी हळूच म्हणाली, "शिळफाट्याची बिल्डिंग." एप्रिल २०१३ मध्ये कोसळलेली. तिथे ७४ माणसं गेली होती. ती तेव्हा शाळेत होती. त्या खोलीत थोडा वेळ कोणीच काही लिहून घेतलं नाही. खिडकीतल्या क्रेन फिरत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी एका विलंबतज्ज्ञाची गाठ पडली. हे गृहस्थ इंजिनिअर, पण गेली वीस वर्षं त्यांनी एकही वीट रचलेली नाही. दुसऱ्यांना उशीर का झाला, हे सांगण्यावर त्यांचा संसार चालतो. त्यांनी भिंतीवर आडव्या पट्ट्यांचा एक तक्ता लावला. पाया इथून इथवर, स्लॅब इथून इथवर, गिलावा, रंग. दोन कामांच्या मधे जी फट राहते तिला 'फ्लोट' म्हणतात. मी मुलांना सांगितलं, फ्लोट म्हणजे सवड. आणि या सवडीचा मालक कोण, यावर त्या देशात वर्षानुवर्षं वाद चाललेत. कंत्राटदार म्हणतो, तक्ता मी आखला, सवड माझी. मालक म्हणतो, पैसे माझे, सवड माझी. तिथल्या सोसायटी ऑफ कन्स्ट्रक्शन लॉने उशीर या विषयावर एक मार्गदर्शिकाच काढली आहे, २००२ मध्ये पहिली, २०१७ मध्ये सुधारलेली. तिचा सल्ला असा की करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर सवड कोणा एकाची नाही. ती कामाची. व्यवहारात याचा अर्थ, जो आधी वापरेल त्याची.

हे ऐकून तिथे बसलेल्या आम्हां बायकामुलींनी एकमेकींकडे पाहिलं. घरातली सवड कोणाची, हे कळायला आम्हांला मार्गदर्शिका लागत नाही.

त्या रात्री नवऱ्याचा फोन आला. पुण्यात तेव्हा उत्तररात्र झाली असणार, पण पाहुण्यांसारखं शेजाऱ्यांकडे आंघोळीला जाऊन त्याची झोपच उडाली होती. परिस्थिती अशी होती: मिस्त्री अखेर आले, पण फरश्या आल्या नव्हत्या. फरश्या आणायचं काम नवऱ्याचं होतं आणि दुकानदाराने वेगळीच छटा पाठवल्यामुळे त्याने त्या परत केल्या होत्या. गुरुवारी योग्य फरश्या आल्या, तोवर मिस्त्री बार्शीमार्गे पंढरपूरला गेले. "एकादशी करून आलोच बघा," असं सांगून. आता उशीर नेमका कोणामुळे?

मी आनंदाने जवळजवळ ओरडलेच. "अरे, हा कन्करंट डिले आहे!" सकाळीच शिकले होते. दोघांचीही चूक आणि दोघांचाही उशीर एकाच वेळी. अशा वेळी इंग्लंडमध्ये कंत्राटदाराला वेळ वाढवून मिळतो, पण नुकसानीचे पैसे मिळत नाहीत. स्कॉटलंडच्या कोर्टाने एकदा वेगळी वाट धरली. दोष दोघांत वाटून टाकला. नवऱ्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मी उद्या कुठे आंघोळ करू?" कायद्याच्या अभ्यासकाला असे प्रश्न अनपेक्षित असतात.

विलंबतज्ज्ञांनी मुदतवाढ मिळण्याच्या कारणांची यादीही दिली होती. संप, असाधारण खराब हवामान वगैरे. 'असाधारण' हा शब्द महत्त्वाचा. पुण्यात जुलैत पाऊस पडला तर ते कारण होत नाही, आणि लंडनमध्ये तर पावसाचं नाव काढायचीही सोय नाही. पंढरीची वारी मात्र त्यांच्या यादीत कुठेच बसेना. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, तारीख आधीपासून ठाऊक असेल तर ते कारण धरता येणार नाही. कंत्राटदाराने ती आधीच हिशेबात घ्यायला हवी. थोडक्यात, आषाढी मिस्त्रींच्या खात्यावर पडली. पण माउलींपुढे मी हरकत घेतली नाही.

इंग्लंडमध्ये अशा तंट्यांवर १९९६ च्या कायद्याने एक झटपट उपाय काढलाय. त्याच्या दोन वर्षं आधी सर मायकेल लेथम यांनी या धंद्याविषयी अहवाल दिला होता. माणसं एकमेकांचे पैसे अडवून बसतात, कोर्टात वर्षं जातात, आणि तोवर लहान ठेकेदार मरतो, असा त्याचा सूर. मग १ मे १९९८ पासून सोय झाली की बांधकामाच्या करारातला कोणीही, केव्हाही, एका निवाडकाकडे जाऊ शकतो, आणि त्याने अठ्ठावीस दिवसांत निकाल द्यायचा. निकाल चुकीचा असला तरी आधी पैसे द्यायचे, मग सवडीने भांडायचं. काही वकील तर मुद्दाम नाताळच्या आदल्या दिवशी समोरच्याला कागद धाडतात, म्हणजे त्याच्या सुट्टीचं खोबरं होतं. आपल्याकडे हा कायदा आला तर वसुबारसेला टपालखात्याला जादा माणसं लावावी लागतील.

मला ही व्यवस्था एकदम ओळखीची वाटली. आमच्याकडे हे काम सासूबाई करतात. दोघांची बाजू ऐकतात, अर्धीच ऐकतात खरं तर, आणि "आधी देऊन टाक, मग काय ते भांडा" असं सांगून आत जातात. अठ्ठावीस दिवस फार झाले, त्यांना भाजीला फोडणी देण्याएवढा वेळ पुरतो. आणि त्यांचा निकाल आजवर वरच्या कोर्टाने फिरवलेला नाही, कारण वरचं कोर्ट भिंतीवर फोटोत आहे आणि ते हयातीतही त्यांच्याविरुद्ध गेलं नव्हतं. हो, एक बारीक गोष्ट सांगायला हवी. इंग्लंडचा तो कायदा स्वतः राहत्या घराचं काम काढणाऱ्याला लागू होत नाही. म्हणजे मी तिकडे राहत असते तरी माझ्या न्हाणीघरासाठी सासूबाईच कामी आल्या असत्या.

ग्रेज इनमध्ये एका बॅरिस्टरांच्या चेंबरमध्ये गेलो. लाल विटांच्या इमारती, मधे हिरवळ, शांतता इतकी की आपल्या चपलांचा आवाज आपल्यालाच अपराधी वाटावा. बाबासाहेब याच इनचे. १९१६ मध्ये इथे नाव घातलं, १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले. मुलांनी हिरवळीपाशी उभं राहून फोटो काढले, आणि फोटो काढताना एकानेही दात दाखवले नाहीत. मला ते आवडलं.

तिथल्या बॅरिस्टरांनी तरणतलावाचा खटला सांगितला. केंटमधल्या एका गृहस्थांनी घरामागे तलाव बांधायला दिला. सर्वांत खोल जागी साडेसात फूट हवा, असं ठरलं. झाला पावणेसात फूट, आणि उडी मारायच्या जागी तर सहाच. गृहस्थ म्हणाले, फोडा आणि पुन्हा बांधा, खर्च २१,५६० पौंड. खालच्या कोर्टाने बघितलं की तलाव पोहायला आणि उडी मारायला सुरक्षित आहे, घराची किंमतही कमी झालेली नाही, आणि मनासारखं झालं नाही याबद्दल २,५०० पौंड दिले. अपिलात पूर्ण रक्कम मिळाली. हाउस ऑफ लॉर्ड्सने १९९५ मध्ये पुन्हा २,५०० वर आणून ठेवलं. नऊ इंचांसाठी देशातल्या सर्वोच्च न्यायासनापर्यंत.

मुलांत लगेच दोन तट पडले. सोलापूरची मुलगी तलाववाल्याच्या बाजूने, ठरलं म्हणजे ठरलं. सांगलीचा मुलगा म्हणाला, "आमच्याकडे विहीर परसात मोजतात. ठरली सहा परस आणि पाचव्याला पाणी लागलं, तर खणणारा वर येतो, नारळ फुटतो आणि आजोबा त्याला वर शंभर रुपये देतात. उरलेली एक परस खण, असं कोणी म्हणत नाही." परस म्हणजे काय, हे त्याने बॅरिस्टरांना स्वतः हात वर करून उभं राहून दाखवलं. पुरुषभर. त्यांनी विचारलं, पण पुरुषाची उंची कोणाची धरायची? तो म्हणाला, जो खाली उतरतो त्याची. बॅरिस्टर खुर्चीत मागे रेलून बराच वेळ हसत राहिले.

मग मीही जरा घोडं दामटलं. म्हटलं, आमच्याकडे १८७२ चा करार कायदा आहे, तुमच्याच लोकांनी लिहिलेला. त्यातल्या कलम ७३ मागे ग्लॉस्टरच्या गिरणीचा १८५४ चा खटला आहे. गिरणीचा दांडा मोडला, तो नमुन्यादाखल ग्रिनिचला पाठवायचा होता, वाहतूकवाल्याने उशीर केला आणि गिरणी बंद पडून राहिली. हा खटला आमच्याकडे दर वर्षी शेकडो मुलं पाठ करतात, ग्लॉस्टर नकाशात कुठे आहे हे न बघता. पण कलमाखाली जी उदाहरणं दिलीत, ती खरी मजेची. एकात क ने ख चं घर दुरुस्त करायचं ठरवून पैसे आगाऊ घेतलेत, आणि काम भलतंच करून ठेवलंय. कायदा म्हणतो, ठरल्याप्रमाणे करून घ्यायला जो खर्च येईल तो द्या. तिथे मनाचं समाधान वगैरे भानगड नाही. आणखी एका उदाहरणात तर बिल्डरने घर इतकं वाईट बांधलंय की ताबा द्यायच्या तारखेआधीच ते पडतं. दीडशे वर्षांपूर्वी कोणीतरी शांत चित्ताने, शाईत टाक बुडवून, पडणारं घर कायद्यात लिहून ठेवलं. त्याच्याही घरात काम चालू असणार, असा मला दाट संशय आहे.

रविवारी सुट्टी होती. प्रिमरोज हिलपाशी किंग हेन्रीज रोडवरच्या दहा नंबरच्या घरी गेलो. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये इथे राहिले. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये हे घर विकत घेतलं. घेतलं म्हणजे संग्रहालय झालंच समजा, असं आपल्याकडे सगळ्यांना वाटलं. पण राहत्या घराचं संग्रहालय करायला तिथल्या कौन्सिलची परवानगी लागते आणि कौन्सिलने ती नाकारली. चौकशी झाली, वकील उभे राहिले, आणि अखेर २०२० मध्ये तिथल्या मंत्र्यांनी परवानगी दिली. रस्ता शांत, घरं एकसारखी, दाराशी गुलाब. ज्यांनी आपल्या देशाची घटना लिहायचं मोठं काम केलं, त्यांच्या घराला 'वापरबदल' या रकान्यात अडकून पडावं लागलं, हे त्यांना स्वतःला फारसं नवलाचं वाटलं नसतं. कागद नीट भरा, एवढंच ते म्हणाले असते.

शेवटच्या दिवशी कोर्ट. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. फेटर लेनवरच्या रोल्स बिल्डिंगमध्ये आम्ही लिफ्टने गेलो. २०११ मध्ये उघडलेली ही इमारत बाहेरून एखाद्या विमा कंपनीसारखी दिसते. टोपपगडीचं वैभव बघायला आलेल्या मुलांची थोडी निराशा झाली. सुनावणी कोणालाही मागच्या बाकावर बसून ऐकता येते, म्हणून बसलो. सांडपाण्याच्या एका नळीचा ढाळ ऐंशीला एक असावा की चाळीसाला एक, यावर दोन तज्ज्ञ बोलत होते. अडीच तास. प्रत्येकासमोर तीन-तीन जाडजूड फायली. आमचे मिस्त्री असते तर म्हणाले असते, बादलीभर पाणी ओता आणि बघा कुठं जातंय.

फायलींवरून आठवलं. नवं वेम्बली स्टेडियम बांधताना पोलादाची कमान उभारणाऱ्या कंपनीचं आणि मुख्य ठेकेदाराचं जुंपलं. स्टेडियम वेळेत झालं नाही म्हणून २००६ चा एफए कपचा अंतिम सामना कार्डिफला न्यावा लागला. खटला याच कोर्टात चालला, आणि निकालात न्यायमूर्तींनी नोंदवलं की नुसत्या झेरॉक्सचा खर्च दहा लाख पौंड झाला. आमच्या कॉलेजसमोर झेरॉक्सची तीन दुकानं आहेत. ही गोष्ट मी त्यांना अजून सांगितलेली नाही. उगाच मनाला लावून घेतील.

बाहेर पडताना एका तरुण वकिलाने मुलांना एक कागद दिला. स्कॉट शेड्यूल. जुन्या काळच्या स्कॉट नावाच्या रेफरींच्या नावावरून पडलेलं नाव. भांडण कितीही मोठं असो, त्याचे रकाने पाडायचे. पहिल्यात बाब, मग मालकाची तक्रार, मग ठेकेदाराचं म्हणणं, दोघांनी सांगितलेला खर्च, आणि उजवीकडचा शेवटचा रकाना कोरा. तो न्यायाधीशांसाठी. आठ दिवसांत पाहिलेल्या सगळ्या गोष्टींत मला ही सगळ्यात जास्त आवडली. भांडणातली आरडाओरड या कागदावर टिकत नाही. तीन आठवड्यांचा संताप अर्ध्या इंचाच्या चौकटीत लिहायचा म्हटलं की तो आपोआप 'कोपऱ्यात पाणी साचते' एवढाच उरतो.

परत आल्यावर मुलांनी पंधरा दिवसांत अहवाल द्यायचा होता. चौदाव्या दिवशी मला एक रीतसर नोटीस आली, अकरा सह्यांची. मुदतवाढीची मागणी, कारणांच्या तक्त्यासह. कारण क्रमांक दोन, होस्टेलचं वायफाय. कारण क्रमांक तीन, गणपतीच्या मंडपाची वर्गणी. कारण क्रमांक चार, मॅमनी स्वतः फोटो वेळेवर पाठवले नाहीत, सबब विलंब सामाईक आहे. नोटीस अठ्ठावीस दिवसांच्या आत दिली असल्याचंही त्यांनी ठळक अक्षरांत नोंदवलं होतं. खाली ओळ: "अहवाल झालाच आहे, फक्त लिहायचा राहिलाय." मी मुदत दिली. पैसे मात्र कोणालाच मिळणार नाहीत, असं कळवलं.

न्हाणीघरही तोवर झालं होतं. झालंच समजा म्हणण्याइतकं. मी वहीचं पान आडवं धरून मराठीतलं स्कॉट शेड्यूल तयार केलं. चार बाबी. कोपऱ्यात पाणी साचते. खिडकीखालच्या दोन फरश्यांचा रंग वेगळा आहे. गरम पाण्याचा नळ उजवीकडे लागला आहे. दार खाली घासते. मिस्त्रींपुढे ठेवलं. त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, चष्मा चढवला आणि मन लावून आपला रकाना भरला. 'ढाळ दिलाय.' 'वाळल्यावर एक होतील.' 'सवय होते.' 'पावसाळा आहे, लाकूड फुगतं.' मग पेन्सिल थांबली नाही. उजवीकडचा कोरा रकाना त्यांना मोकळाच दिसला, तर त्यातही त्यांनी वरून खालपर्यंत चार वेळा लिहिलं: 'चालतंय.'

मी त्यांना तो रकाना कोणाचा ते समजावून सांगत होते, तेवढ्यात सासूबाई आल्या. त्यांनी कागद घेतला, लांब धरून वाचला, परत दिला. नळाखालची बादली उचलायला नवऱ्याला सांगितलं आणि आत ओतायला लावली. आम्ही चौघं दारात उभं राहून पाण्याकडे बघत राहिलो. पाणी आधी जरा विचारात पडलं, मग जाळीकडे निघालं. बहुतेक सगळं गेलं. कोपऱ्यात थोडं थांबलं.

"किती राहिलं?" सासूबाईंनी विचारलं.

"वाटीभर," नवरा म्हणाला.

"वाटीभराचं काय घेऊन बसता काकू," मिस्त्री म्हणाले.

"दे रे त्याचे पैसे," सासूबाई म्हणाल्या. "पाचशे ठेवून घे."

मिस्त्रींनी नोटा मोजून खिशात घातल्या. पाचशेबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. ओळंबा, थापी आणि लेव्हलपट्टी पिशवीत भरली, चपला पायात सरकवल्या आणि जिन्यावरून मान वळवून म्हणाले, "कोपऱ्याचं बघून टाकू मॅडम. शनिवारी आलोच."

कोणत्या शनिवारी, यासाठी माझ्या तक्त्यात रकाना नव्हता.